आयर्लंडचा आरसा आणि रायपूरचा मराठी वाचक

१. प्रश्नाचे स्वरूप

रायपूरच्या जुन्या वस्तीत ब्राह्मणपारा, तात्यापारा, कंकालीपारा, बूढापारा असे अनेक 'पारे' आहेत. पारा म्हणजे आपल्याकडील आळी किंवा पेठ. ह्या पाऱ्यांतून राहत आलेल्या मराठी कुटुंबांपैकी काहींचे पूर्वज नागपूरकर भोसल्यांच्या अमलात येथे आले, तर काहींचे पुढे इंग्रजी कचेऱ्या, शाळा आणि रेल्वे ह्यांच्या निमित्ताने. घरात मराठी, दारात छत्तीसगढी आणि शाळेत-कचेरीत हिंदी हा त्यांचा भाषाव्यवहार होय. आपण कोण, ह्या प्रश्नाला अशा माणसाला एका शब्दात उत्तर देता येत नाही.

आयर्लंडच्या इतिहासावर, कलांवर आणि अस्मितेवर गेल्या दीडशे वर्षांत जे विद्वत्तापूर्ण ग्रंथ झाले, ते ह्याच प्रश्नाभोवती फिरतात. जित कोण, जेता कोण, आणि जेत्याचा वंशज त्याच भूमीत पिढ्यान्पिढ्या राहिला म्हणजे तो तेथला होतो काय, ह्याचा विचार त्या ग्रंथांत जितका नेटाने झाला आहे तितका इतरत्र क्वचितच आढळतो. मराठी वाचकाने आयर्लंडकडे पूर्वी लक्ष दिले होते. परंतु ते पुण्याच्या खिडकीतून. ब्राह्मणपाऱ्यातून पाहिले असता त्याच आरशात निराळे प्रतिबिंब दिसते, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. पुण्याने पाहिलेले आयर्लंड

मराठीत आयर्लंडचा परिचय मुख्यतः राजकारणाच्या वाटेने झाला. नरसिंह चिंतामण केळकर ह्यांचा 'आयर्लंडचा इतिहास' १९०९ साली प्रसिद्ध झाला. त्या वेळी लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात होते आणि वंगभंगाच्या चळवळीनंतरची दडपशाही ऐन भरात होती. इंग्रजांच्या अगदी शेजारी राहणाऱ्या एका राष्ट्राने त्यांच्याशी शतकानुशतके कसा झगडा केला, हे वाचताना मराठी वाचक आपलाच इतिहास पडताळून पाहत होता, असे म्हणावयास हरकत नाही.

राजकारणाच्या परिभाषेतही आयर्लंडचे ऋण उघड आहे. आपण ज्याला 'बहिष्कार' म्हटले त्याचे इंग्रजी नाव मेयो परगण्यातील जमीनव्यवस्थापक कॅप्टन बॉयकॉट ह्याच्यावरून १८८० साली रूढ झाले. 'होमरूल' हा शब्द तर सरळ आयरिश चळवळीतूनच उचललेला आहे. टिळकांची होमरूल लीग १९१६च्या एप्रिलमध्ये बेळगावास स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष जोसेफ बॅप्टिस्टा होते. त्याच महिन्यात डब्लिनमध्ये ईस्टरचा उठाव झाला. एकीकडे सनदशीर मागणी आणि दुसरीकडे सशस्त्र बंड ह्या दोन्ही आयरिश वाटा तेव्हा एकाच वेळी मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे होत्या.

ह्या वाचनात एक गोष्ट गृहीत धरलेली होती. आयरिश माणसाच्या जागी मराठी माणूस आणि इंग्रजाच्या जागी इंग्रज, असे ते सरळ समीकरण होते. केळकरांनीच पेशवाईच्या अस्ताला शंभर वर्षे झाली त्या सुमारास, १९१८ साली, 'मराठे व इंग्रज' हा ग्रंथ लिहिला. त्यातही राज्य गमावलेल्यांचाच दृष्टिकोन आहे. पुण्यापुरते हे समीकरण बरोबर होते. ते सर्व मराठी प्रदेशांना, आणि मराठ्यांनी जिंकलेल्या प्रदेशांना, लागू पडते काय हा प्रश्न मात्र त्या काळी उपस्थित झाला नाही.

३. आयरिश इतिहासलेखनाच्या पायऱ्या

ह्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी आयरिश इतिहासलेखन कोणत्या क्रमाने वाढले ते पाहणे इष्ट होईल.

पहिली पायरी जेत्याच्या इतिहासाची. जेम्स अँथनी फ्रूड ह्या इंग्रज इतिहासकाराने १८७२ ते १८७४ ह्या काळात अठराव्या शतकातील आयर्लंडमधील इंग्रजांवर तीन खंड लिहिले. आयरिश लोक स्वतःचे राज्य चालविण्यास अपात्र आहेत, हे त्यांचे सार होते. दुसरी पायरी त्याच्या खंडनाची. विल्यम लेकी हा डब्लिनजवळ जन्मलेला प्रॉटेस्टंट. राजकारणात तो होमरूलच्या विरुद्ध होता. तरीही फ्रूडने केलेला अन्याय त्यास सहन झाला नाही. अठराव्या शतकातील इंग्लंडच्या इतिहासात त्याने आयर्लंडवर लिहिलेली प्रकरणे १८९२ साली पाच खंडांत स्वतंत्रपणे निघाली, आणि ज्यांच्याशी त्याचे राजकीय मतभेद होते त्या राष्ट्रवाद्यांनीच त्यांचा आधार घेतला. कागदपत्रांशी इमान राखणारा इतिहासकार आपल्या पक्षापलीकडे कसा जातो, ह्याचे हे उत्तम उदाहरण आहे.

तिसरी पायरी १९२४ साली डॅनिअल कॉर्करी ह्याच्या 'दि हिडन आयर्लंड' ह्या ग्रंथाने गाठली. लेकीने न्याय केला खरा. परंतु त्याने पाहिले ते इंग्रजी बोलणाऱ्या, जमीनदारांच्या आणि पार्लमेंटाच्या आयर्लंडला. त्याच शतकात मन्स्टर प्रांतातील दरिद्री कवी आयरिश भाषेत जे लिहीत होते ते जग लेकीस बंद होते, कारण त्या भाषेत त्याचा प्रवेश नव्हता. कॉर्करीने ते झाकलेले आयर्लंड उघडे केले.

चौथी पायरी चिकित्सेची. १९३८ साली टी. डब्ल्यू. मूडी आणि आर. डडली एडवर्ड्‌झ ह्यांनी 'आयरिश हिस्टॉरिकल स्टडीज' हे नियतकालिक सुरू केले आणि राष्ट्रीय दंतकथा व इतिहास ह्यांतील भेद कसोशीने पाळण्याचा आग्रह धरला. पुढे १९६९ साली लुई कलन ह्या आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकाने कॉर्करीचे चित्रही तपासून पाहिले आणि ते फार एकरंगी असल्याचे दाखविले. रॉय फॉस्टर ह्याचा 'मॉडर्न आयर्लंड' हा १९८८चा ग्रंथ ह्याच परंपरेतील होय. लगेच १९८९ साली ब्रेंडन ब्रॅडशॉ ह्याने उलट आक्षेप घेतला की अतिअलिप्त लेखनामुळे लोकांनी प्रत्यक्ष भोगलेले दुःखच इतिहासातून नाहीसे होते. हा वाद अद्याप मिटलेला नाही, आणि तो न मिटण्यातच त्या विद्याशाखेचे जिवंतपण आहे.

मराठी वाचकाला ह्या पायऱ्या ओळखीच्या वाटतील. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली निघाला. नीलकंठ जनार्दन कीर्तने ह्यांनी विद्यार्थिदशेत, १८६७-६८च्या सुमारास, त्यावर टीका केली. १८९८पासून विश्वनाथ काशीनाथ राजवाडे ह्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करावयास आरंभ केला, आणि पुढे त्र्यंबक शंकर शेजवलकर ह्यांनी राजवाड्यांच्या निष्कर्षांचीही निर्भयपणे फेरतपासणी केली. आरोप, खंडन, साधनसंग्रह आणि चिकित्सा हा क्रम दोन्हीकडे सारखाच आहे. परंतु आपल्याकडे एक पायरी राहून गेली. ती कॉर्करीची. मराठ्यांच्या राज्याखाली जे इतर भाषिक होते त्यांचे जग त्यांच्याच भाषेतून पाहण्याची ती पायरी होय.

४. छत्तीसगढात आरसा फिरतो

१७४१ साली रघूजी भोसल्यांचे सेनानी भास्करपंत ह्यांनी रतनपूर घेतले आणि हैहयवंशी कलचुरींची शतकानुशतकांची सत्ता संपुष्टात आली. १७५८ पासून १७८७ पर्यंत रघूजींचे पुत्र बिंबाजी भोसले रतनपुरास राहून राज्य करीत होते. रतनपूर आणि रायपूर ह्या दोन्ही जुन्या राज्यांचा कारभार त्यांच्या हाती एकत्र आला. रतनपूरच्या रामटेकडीवरील राममंदिर ही त्यांच्या काळाची खूण आहे. त्यांच्या मृत्यूनंतर सुभेदारांचा अमल सुरू झाला.

छत्तीसगढ हे नाव ज्या छत्तीस गढांवरून पडले असे परंपरा मानते, ती गढांची व्यवस्था ह्या सुभेदारीत मोडली. विठ्ठलराव दिनकर ह्यांच्या काळात, १७९०च्या सुमारास, गढांच्या जागी परगणे आले आणि त्यांवर कमाविसदार, फडणवीस असे अधिकारी नेमले गेले. दप्तर मराठी झाले, लिपी मोडी झाली. गावचा गौंटिया मात्र आपल्या जागी राहिला आणि ह्या नव्या कारभाराशी जुळवून घेऊ लागला.

आता आयर्लंडचा इतिहास वाचणाऱ्यास येथे थबकावे लागते. गेलिक सरदारांचे प्रदेश मोडून त्या जागी इंग्रजी धर्तीचे परगणे आखण्याचे काम तेथे १६०६ साली विकलो परगण्याच्या स्थापनेने पुरे झाले. जुनी स्थानिक चौकट मोडणे, बाहेरचा अधिकारी आणणे, हिशेबाची भाषा बदलणे ही कामे तेथे इंग्रजांनी केली. येथे आपण केली. पुण्यात बसून आयर्लंड वाचणारा मराठी माणूस आयरिशांच्या बाजूस उभा होता. ब्राह्मणपाऱ्यात बसून तेच पुस्तक वाचणाऱ्याला आपली जागा दुसऱ्या बाजूस, म्हणजे आयर्लंडमध्ये स्थायिक झालेल्या इंग्रजी वंशाच्या लोकांत, शोधावी लागते.

ही तुलना ताणावयाची नाही. अल्स्टरमध्ये १६०९ नंतर शेतकऱ्यांच्या जमिनी काढून घेऊन बाहेरच्यांच्या वसाहती घालण्यात आल्या. १६९५पासून कॅथलिकांवर धर्माच्या कारणाने कायदेशीर निर्बंध लादले गेले. छत्तीसगढात असे काहीही घडले नाही. मराठी लोक संख्येने थोडे होते, रयतेशी त्यांचे धर्मबंधन एकच होते, आणि मराठीने छत्तीसगढीला लोकांच्या मुखातून हुसकावले नाही. म्हणून मराठ्यांना छत्तीसगढचे इंग्रज म्हणणे हा अतिरेक होईल. परंतु आपण केवळ यात्रेकरूंसारखे येथे आलो असे मानणेही तितकेच असत्य होईल.

साधनांच्या बाबतीतही आयरिश इतिहासकार एक सावधगिरी शिकवितात. भोसल्यांच्या छत्तीसगढातील कारभाराचे बरेच चित्र इंग्रजांच्या लेखांतून आपल्यापर्यंत आले आहे. कॅप्टन ब्लंट १७९५ साली ह्या प्रदेशातून गेला. १८१८ नंतर येथे अधीक्षक म्हणून आलेल्या अ‍ॅग्न्यू ह्याने राजधानी रतनपूरहून रायपुरास हलविली आणि १८२० साली आपला अहवाल लिहिला. ज्याच्या हातून सत्ता घेतली त्याच्या कारभाराविषयी घेणाऱ्याने लिहिलेले मत हे साक्षीदाराचे असते, न्यायाधीशाचे नव्हे. फ्रूड वाचणाऱ्या लेकीने हेच ओळखले होते. मात्र ह्याचा अर्थ इंग्रजांनी नोंदविलेली रयतेची गाऱ्हाणी खोटी, असा करणे म्हणजे एका पूर्वग्रहाच्या जागी दुसरा बसविणे होय. त्यांची पडताळणी मोडी दप्तरातून व्हावयास पाहिजे. यादव माधव काळे ह्यांचा 'नागपूर प्रांताचा इतिहास' (१९३४) आणि शेजवलकरांनी मेणवली दप्तरातून संपादित केलेली नागपूरविषयक पत्रे ह्यांनी त्या कामाचा पाया घातलेला आहे. परंतु नागपूरच्या दरबारातून दिसणारे छत्तीसगढ वेगळे आणि छत्तीसगढातील गावातून दिसणारी नागपूरची सत्ता वेगळी.

५. स्थायिकांची विद्या

मग ह्या जाणिवेने रायपूरच्या मराठी माणसाने खजील व्हावे काय? आयरिश ग्रंथांचा खरा उपयोग येथेच आहे. आयरिश संस्कृतीच्या पुनरुज्जीवनात जेत्यांच्या वंशजांचा आणि त्यांच्या समाजातील विद्वानांचा वाटा फार मोठा आहे.

जॉर्ज पेट्री हा डब्लिनमधील स्कॉटिश वंशाच्या घरातला चित्रकार. आयर्लंडमधील उंच वर्तुळाकार मनोऱ्यांविषयी ते अग्निपूजकांचे, फिनिशियन लोकांचे अशी नाना अनुमाने प्रचलित होती. पेट्रीने जागोजागी हिंडून, चित्रे काढून आणि जुने लेख तपासून ते ख्रिस्ती मठांचे मनोरे असल्याचे १८४५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सिद्ध केले. हे काम त्याने एकट्याने केले नाही. भूमापन खात्यात त्याच्या हाताखाली जॉन ओडोनोव्हन आणि युजीन ओकरी हे आयरिश भाषेचे जाणते होते. चित्रकाराची नजर आणि भाषाज्ञाचे ज्ञान ह्यांच्या ह्या संगमातून आयरिश पुरातत्त्वविद्या जन्मास आली. विसाव्या शतकात आयरिश कलेचा त्रिखंडात्मक इतिहास (१९६५ ते १९७०) लिहिणारी फ्रांस्वाझ आंरी ही तर जन्माने फ्रेंच होती. परंतु केल्सच्या ग्रंथाची चित्रे आणि दगडी क्रूस ह्यांच्या अभ्यासात तिने आयुष्य वेचले.

डग्लस हाइड हा प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाचा मुलगा. रॉसकॉमन परगण्यातील सामान्य लोकांकडून त्याने आयरिश भाषा शिकून घेतली, १८९३ साली गेलिक लीगच्या स्थापनेत पुढाकार घेतला आणि १८९९ साली आयर्लंडचा वाङ्मयेतिहास लिहिला. १९३८ साली तोच आयर्लंडचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. ह्या माणसाला परका म्हणणे कोणास शक्य आहे?

छत्तीसगढीच्या अभ्यासाशी तर एका डब्लिनकराचा प्रत्यक्ष संबंध आहे. हीरालाल काव्योपाध्याय ह्या धमतरीकडील शिक्षकाने १८८५ साली छत्तीसगढीचे व्याकरण रचले. त्याचे भाषांतर व संपादन करून ते १८९० साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध करणारे जॉर्ज ग्रीअर्सन हे डब्लिन परगण्यात जन्मलेले आणि तेथील ट्रिनिटी कॉलेजात शिकलेले होते. पुढे त्यांच्याच भाषिक पाहणीच्या सहाव्या खंडात (१९०४) छत्तीसगढी, आणि सातव्या खंडात (१९०५) मराठीच्या सोबत बस्तरकडील हलबी आली. मराठी व छत्तीसगढी ह्यांच्या सीमेवरील हलबी कोणत्या कुळात घालावी हा तेव्हाचा प्रश्न आजही अभ्यासकांना आव्हान देतो.

आणि आता आपल्या घरातील उदाहरण. माधवराव सप्रे (१८७१-१९२६) हे मराठी घरात जन्मलेले, रायपुरास शिकलेले आणि रायपुरासच दिवंगत झालेले. १९००च्या जानेवारीत त्यांनी रामराव चिंचोलकरांच्या सहकार्याने पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक काढले. वामनराव लाखे त्याचे प्रकाशक होते. तिघेही मराठी, मासिक मात्र हिंदी. तीन वर्षे चाललेल्या ह्या मासिकाने छत्तीसगढातील नियतकालिकांचा पाया घातला. १९०१ साली त्यात आलेली सप्र्यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही कथा एका अनाथ विधवेची झोपडी बळकावणाऱ्या जमीनदाराची आहे. आयर्लंडच्या जमीनयुद्धाचा इतिहास ज्याने वाचला आहे त्याला, शेतकऱ्यास घराबाहेर काढण्याचा हा विषय ओळखीचा वाटल्यावाचून राहणार नाही. सप्र्यांनी टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत नेले, आणि ज्यांच्या पूर्वजांनी येथे मोडीत हिशेब लिहिले त्या समाजाची विद्या येथल्या लोकांच्या वाचनात आणली. लाखे पुढे रायपूरच्या सहकारी चळवळीचे अध्वर्यू झाले. आयर्लंडमध्ये हॉरेस प्लंकेट ह्या जमीनदार घराण्यातील पुरुषाने १८९४ साली शेतकऱ्यांच्या सहकारी संघटनेची मुहूर्तमेढ रोवली होती, हे येथे आठवावे.

हाइड आणि सप्रे ह्यांच्यात एक भेद आहे, तो झाकून चालणार नाही. हाइडने लोकांची भाषा हाती घेतली. सप्र्यांनी हाती घेतली ती हिंदी, छत्तीसगढी नव्हे. त्या काळी राष्ट्रीय ऐक्याच्या दृष्टीने ते स्वाभाविक होते. परंतु छत्तीसगढीच्या वाट्याचे काम त्यामुळे मागे राहिले.

६. पुढील काम

१९२२च्या जूनअखेर डब्लिनच्या फोर कोर्ट्‌स इमारतीला लागलेल्या आगीत आयर्लंडचे सरकारी दप्तर भस्मसात झाले. शतकांची जनगणनापत्रे, न्यायालयांची कागदपत्रे एका दिवसात गेली. बरोबर शंभर वर्षांनी, २०२२ साली, इतरत्र शिल्लक राहिलेल्या नकला जमवून त्या दप्तराची संगणकीय पुनर्रचना लोकांस खुली करण्यात आली. आपल्याकडे आग लागण्याचीही गरज नाही. मोडी वाचणारा शेवटचा माणूस घरातून गेला की तो कागद, जळाला नसला तरी, मुका होतो. छत्तीसगढातील जुन्या मराठी घरांत सनदा, हिशेबाच्या वह्या, पत्रे जी काही असतील त्यांची सूची होणे, छायाचित्रे घेतली जाणे आणि देवनागरी लिप्यंतर होणे हे पहिले काम होय. ब्राह्मणपाऱ्यातील आनंद समाज वाचनालयासारख्या जुन्या संस्था ज्या शहरात आहेत, तेथे अशा कामाला जागा मिळणे अशक्य नाही.

दुसरे काम कॉर्करीने सुचविलेले. हे कागद केवळ मराठीतून वाचून भागणार नाही. त्यांतील परगण्याची नोंद आणि गावातील गौंटियाच्या घराण्याची आठवण, कमाविसदाराचा हिशेब आणि त्या काळाविषयीचे छत्तीसगढी लोकगीत, ही शेजारी ठेवून पाहिली पाहिजेत. रतनपूरच्या बाबू रेवारामांनी लिहिलेला हैहयवंशी राजांचा वृत्तांत, प्यारेलाल गुप्तांचा 'प्राचीन छत्तीसगढ' असे स्थानिक अभ्यासकांचे लेखन मराठी अभ्यासकाच्या टेबलावर असावयास पाहिजे. कलनप्रमाणे मग त्या एकत्रित चित्राचीही चिकित्सा व्हावी. प्रजा सुखी होती किंवा प्रजा नागवली गेली, अशी दोनच उत्तरे असतात असे समजू नये.

तिसरे काम भाषेचे. छत्तीसगढ राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले आणि २००७ साली छत्तीसगढीला राजभाषेचा दर्जा मिळाला. २०११च्या जनगणनेत तिचे भाषक सुमारे १ कोटी ६२ लाख मोजले गेले, तेही हिंदीच्या पोटात. आयर्लंडच्या १९३७च्या संविधानाने आयरिश ही पहिली राजभाषा ठरविली. तथापि २०२२च्या जनगणनेत शाळेबाहेर ती रोज बोलणारे सुमारे ७२ हजारच निघाले. एका भाषेला दर्जा आहे पण बोलणारे थोडे. दुसरीला बोलणारे उदंड पण शास्त्रीय अभ्यास थोडा. छत्तीसगढीतील मराठी शब्द, मराठीच्या झाडी व नागपुरी बोलींशी असलेले तिचे देणेघेणे आणि हलबीचे स्थान हे विषय दोन्ही भाषा जाणणाऱ्यानेच हाताळावेत असे आहेत. रायपूरचा मराठी माणूस तसा आहे. घरात एक आणि दारात दुसरी भाषा असणे हे त्याने आजवर आपले वैगुण्य मानले असेल. विद्येच्या दृष्टीने ते त्याचे भांडवल आहे.

आयरिश ग्रंथांतून निघणारा निष्कर्ष असा की, एखाद्या भूमीवरचा हक्क पूर्वजांनी ती जिंकली म्हणून सिद्ध होत नाही, आणि पूर्वज बाहेरून आले म्हणून तो नाहीसाही होत नाही. त्या भूमीची भाषा, तिचे दगड, तिची गाणी व तिचे कागद जो समजून घेतो आणि त्यांत आपल्या पूर्वजांविषयी जे अप्रिय आढळेल तेही लिहून ठेवतो, त्याला तेथले लोक हळूहळू आपला मानतात. पेट्रीला आणि हाइडला आयर्लंडने असेच आपले मानले. सप्रे आणि लाखे ह्यांची नावे छत्तीसगढात आदराने घेतली जातात त्याचेही कारण हेच आहे. त्यांनी जेथे काम थांबविले तेथून ते पुढे नेणे हे ब्राह्मणपाऱ्यातील आजच्या वाचकाचे कर्तव्य ठरते. त्याची सुरुवात आपल्याच घरातील फडताळात बांधून ठेवलेले मोडी कागदांचे रुमाल सोडण्यापासून होऊ शकेल.